सदतीस नंबरची नोंद

यादी सोमवारी सकाळी नोटीस बोर्डावर लागली आणि मधल्या सुट्टीपर्यंत महेश्वरी मॅडमचं डोकं पार भडकलं. तसं मार्चमध्ये सोलापुरात डोकं तापायला यादी लागत नाही, छत्री विसरून नुसतं सात रस्ता चौकापर्यंत गेलं तरी पुरतं. पण हा ताप उन्हाचा नव्हता. सातवीच्या सेहेचाळीस मुलांतली दहा हुशार म्हणून ‘अग्रणी गटा’त आणि आठ कच्ची म्हणून ‘सुधार गटा’त टाकली होती, आणि त्या आठांत सदतीस नंबर होता. सदतीस नंबर म्हणजे रेश्मा.

“रेश्मा? गणितात कच्ची?” मॅडम बोर्डासमोर उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या. “अय्यो देवा, मग पक्कं कोणाला म्हणायचं?”

आजूबाजूची पोरं पांगली. मॅडमचा आवाज चढला की पांगायचं, हे बावीस वर्षांत शाळेच्या भिंतींनासुद्धा कळलं होतं.

रेश्मा ही टेम्पोवाल्या मानसिंगची मुलगी. मूळ घर मोहोळकडचं, पण ती पाचवीला ह्या शाळेत आली तेव्हापासून सगळे इथंच. मॅडमनी एकदा फळ्यावर गणित घातलं होतं: एका टेम्पोत कांद्याच्या दीडशे गोण्या, प्रत्येक गोणी पन्नास किलोची, तर एकूण वजन किती? सगळा वर्ग वहीत गुणाकाराला लागला. रेश्मा हात वर करून म्हणते कशी, “मॅडम, साडेसात टन होतंय. पण एवढं भरलं तर टेम्पो मार्केट यार्डाच्या गेटातच बसंल की!” गणितही सुटलं आणि टेम्पोही वाचला. अशी पोर सुधार गटात! सुधारायचं कुणाला, तिला की गणिताला?

नुसती यादी बोर्डावर लावून ठेवायची असती, तर मॅडमनी मनातल्या मनात दोन शिव्या हासडून सोडून दिलं असतं. पण ह्या यादीवरून आठवीच्या तुकड्या ठरणार होत्या. सुधार गटातल्या मुलांना सेमी तुकडीचा फॉर्म मिळणार नव्हता. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. एकदा साध्या तुकडीत गेलेली पोर पुढं सायन्सला गेली, असं मॅडमनी बावीस वर्षांत बोटावर मोजण्याइतक्याच वेळा बघितलं होतं. शनिवारी पालकसभा, त्याच सभेत फॉर्म वाटायचे. म्हणजे हातात दिवस पाच.

हे सगळं सुरू झालं दिवाळीनंतर. संस्थेतल्या मंडळींना कुणीतरी सांगितलं की आता शाळेत आर्टिफिशियल इंटेलिजन्स नसेल तर पालक दुसरी शाळा बघतात. झालं! पुण्याहून पृथ्वीराज नावाचा पोरगा आला. पोरगा म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. मूळचा माढ्याचा, पण चार वर्षं पुण्यात काढून जिभेला इस्त्री करून आलेला. त्याच्या त्या कार्यक्रमाला लांबलचक इंग्रजी नाव होतं. शाळेत सगळे त्याला ‘मशीन’च म्हणायचे.

“मॅडम, तुम्ही फक्त डेटा द्या,” पृथ्वीराज म्हणाला होता. “बाकीचं मॉडेल बघून घेईल.”

फक्त डेटा! सेहेचाळीस मुलांची तीन वर्षांची हजेरी, मार्क आणि वर्णनात्मक नोंदी. नोंद म्हणजे प्रत्येक मुलाबद्दल, प्रत्येक विषयात, वर्गशिक्षकानं आपल्या मनानं लिहायची ओळ: मूल काय चांगलं करतं, कुठं अडतं. हे सगळं टाइप करायचं काम कुणाच्या गळ्यात पडलं असेल? ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांच्याच. डिसेंबरचे तीन रविवार मॅडम संगणक कक्षात बसल्या. एक पंखा, तोही खिडकीला हवा घालणारा. त्यातल्या त्यात एवढंच बरं होतं की नोंदींतली वाक्यं पुन्हा पुन्हा तीच यायची, त्यामुळं कॉपी-पेस्ट करून काम लवकर उरकलं. शेवटी पृथ्वीराजनं एक कागद पुढं केला, ‘सर्व नोंदी तपासल्या.’ मॅडमनी सही ठोकली आणि घरी पळाल्या, कारण तो पाणी यायचा दिवस होता आणि नळ पाच दिवसांनी एकदाच सुटतो.

तर अशा त्या मशीननं सोमवारी यादी ओकली, आणि मॅडम तशाच तणतणत मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या.

“सर, यादी चुकलीय.”

प्रभुलिंग सर रुमालानं मान पुसत होते. सभ्य माणूस. कुठलीही भानगड आपल्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला रहावी, एवढीच त्यांची अपेक्षा. “मॅडम, यादी मी केलेली नाही.”

“म्हणूनच तुम्हाला सांगायला आले.”

“मशीननं केलीय. त्यात माणसाचा हातच नाही. तेच तर बरंय की. उद्या कुणी म्हणायला नको, सरांनी पाहुण्यांची पोरं पुढं काढली.” मग त्यांनी पृथ्वीराजला बोलावून घेतलं आणि स्वतः एका फायलीत डोकं घातलं.

“मॅडम, मॉडेल न्यूट्रल असतं,” पृथ्वीराज म्हणाला.

“आणि मी?”

“तुम्ही ह्यूमन आहात.” त्यानं हे इतक्या हळुवारपणे सांगितलं की मॅडमना वाटलं, आपल्याला काहीतरी दुखणं झालंय आणि घरच्यांनी लपवून ठेवलंय.

“अरे बाबा, तिचे मार्क बघ!”

“मार्कांतून काहीच कळत नाही, मॅडम. अख्ख्या वर्गाला बहात्तर ते अठ्ठ्याऐंशीच्या मधेच मार्क आहेत. तीनही वर्षं. कुणी वर नाही, कुणी खाली नाही. मॉडेल बिचारं काय पकडणार? म्हणून त्यानं टीचर्सच्या नोंदींवर भर दिला.” त्यानं लॅपटॉप वळवला. “हे बघा, सदतीस नंबर. पाचवी: ‘मूलभूत संकल्पना अस्पष्ट, जादा सरावाची गरज.’ सहावी: तेच. सातवी: तेच. तीन वेगवेगळे शिक्षक आणि एकच मत! एवढी कन्सिस्टन्सी मी कुठल्याच शाळेत पाहिली नाही.”

सातवीचा वर्ग त्यांचाच, गणितही त्यांचंच. म्हणजे नोंद त्यांचीच. असं आपण लिहिलं? रेश्माबद्दल? कधी?

“टायपिंग चुकलं असेल कुणाचं तरी,” त्या पुटपुटल्या आणि बाहेर पडल्या. टायपिंग त्यांनीच केलं होतं, हे त्यांना पायऱ्या उतरताना आठवलं.

बुधवारी शाळा सुटताना मानसिंग गेटाशी उभा होता. टेम्पो रस्त्यापलीकडं, हातात टोपी. रेश्मा टेम्पोत जाऊन बसलेली, तोंड दुसरीकडं करून.

“मॅडम, यादी बगितली. पोरगी दोन दिस झालं धड जेवंना.”

“मानसिंगराव, त्या यादीचं काही मनावर घेऊ नका.”

“न्हाय कसं घ्यायचं? मानसानं सांगितलं असतं तर भांडलो असतो की तुमच्यासंगं. पर मशीन म्हनल्यावर काय बोलायचं? तिच्या आईचं म्हननं हाय, साधी तुकडी तर साधी. आटवी झाली की शिवणक्लासला घालू. लई ताण नको पोरीला.”

“अहो, काय बोलताय तुम्ही! तुमची पोरगी फळ्यावर माझ्या चुका काढते!”

“मग मशीनला कसं दिसंना त्ये?” मानसिंगनं अगदी साधेपणानं विचारलं. त्याच्या आवाजात ना राग ना टोमणा. “बघते मी,” म्हणून मॅडम चिडूनच घराकडं वळल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी मुद्दाम रेश्मासाठी म्हणून एक अवघड गणित घातलं. रेश्माचा हात वर झाला नाही. मॅडमनी नाव घेऊन विचारलं तर उठून उभी राहिली आणि म्हणाली, “मला नाही येणार, मॅडम.”

“न करताच कसं कळलं?”

“मशीन खोटं कशाला बोलंल? त्याला माझ्याशी काय भांडण हाय?”

वर्गातली चार पोरं हसली. मॅडमनी खडू फळ्यावर इतक्या जोरात टेकवला की त्याचे दोन तुकडे झाले. राग मशीनवर होता, पृथ्वीराजवर होता, सरांच्या रुमालावर होता. आणि कुठंतरी आत असा एक राग होता की तो कुणावर आहे ते त्या स्वतःला विचारत नव्हत्या.

मधल्या सुट्टीत रेश्मा शिक्षकखोलीच्या दाराशी आली. हातात वहीचं फाडलेलं पान.

“मॅडम, रागावणार नसाल तर एक विचारू?”

“रागावलेच आहे. विचार.”

“त्या यादीत नंबर उलटसुलट हायत. मी आपलं माझं नाव बघायला गेलते. रोज जातेच. मग नंबर नीट लावून बघितले.” तिनं पान टेबलावर ठेवलं. “हा अग्रणी गट. एक, चार, अकरा, चौदा, एकवीस, चोवीस, एकतीस, चौतीस, एक्केचाळीस, चव्वेचाळीस. मधलं अंतर बघा. तीन, सात, तीन, सात, शेवटपर्यंत. आणि हा आमचा गट. सात, नऊ, सतरा, एकोणीस, सत्तावीस, एकोणतीस, सदतीस, एकोणचाळीस. दोन, आठ, दोन, आठ.”

मॅडमनी पान जवळ ओढून अंतरं स्वतः मोजली.

“शेवटी एक नाहीतर चार आला की पोरगं हुशार. सात नाहीतर नऊ आला की कच्चं,” रेश्मा म्हणाली. “नंबर तर आडनावावरनं पडत्यात. हुशार पोरं अशी मोजून बसत्यात का, मॅडम? मला वाटलं माझंच चुकलं असेल. मी कच्ची हाय ना.”

“जा तू वर्गात,” मॅडम कसंबसं म्हणाल्या. “पान राहू दे इथं.”

ती गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं. वरच्या खणात, हजेरीपत्रकांच्या मागं, ते पिवळं पुस्तक होतं. नवी पेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानातून कधीतरी आणलेलं, कव्हर गळून पडलेलं, पानांना चहाचे डाग. ‘तयार वर्णनात्मक नोंदी.’ गणिताच्या पानावर दहा वाक्यं. एक: गणिती कोडी आवडीने सोडवतात. चार: गणितात विशेष गती. सात: मूलभूत संकल्पना अस्पष्ट, जादा सरावाची गरज. नऊ: आकडेमोडीत वारंवार चुका.

मॅडमनी बोटं मोडून हिशेब केला: सदतीस म्हणजे चौथी फेरी, सातवं वाक्य.

सत्र संपत आलं की सेहेचाळीस मुलं, नऊ विषय, चारशे चौदा नोंदी आणि हातात दोन दिवस. वर पेपर तपासणी, वर निकालपत्रकं. मग माणूस काय करतो? पुस्तक उघडतो. पहिल्या नंबरला पहिलं वाक्य, दुसऱ्याला दुसरं, दहाव्याला दहावं, अकराव्याला परत पहिलं. हात चालतो, डोकं झोपलेलं. कुणी वाचणार थोडंच होतं? बावीस वर्षांत त्या नोंदी एकाही माणसानं वाचल्या नव्हत्या. ना सरांनी, ना तपासणीला येणाऱ्या साहेबांनी, ना पालकांनी. पहिल्यांदा कुणी मन लावून वाचल्या असतील तर त्या मशीननं. वर्गाचं नशीबही असं की पाचवीपासून ना कुणी नवं आलं, ना कुणी गेलं. नंबर तेच, पुस्तक तेच, वाक्यं तीच.

सहावीला गणित शिकवणाऱ्या चंद्रिका मॅडम डबा उघडून बसल्या होत्या. महेश्वरी मॅडमनी पान आणि पुस्तक त्यांच्यापुढं आपटलं. चंद्रिका मॅडमनी दोन्ही बघितलं, भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत बुडवला आणि म्हणाल्या, “मग?”

“मग काय, मग? तूसुद्धा एक ते दहा?”

“मी एक ते दहा. पाचवीला आपले प्रभुलिंग सर होते, तेही एक ते दहा. हे पुस्तकच मुळात सरांचं गं! तुला काय वाटलं, मी प्रत्येकाचा चेहरा आठवून लिहीत बसले?” त्यांनी आवाज खाली आणला. “हे बघ, डोक्यात राख घालून घेऊ नकोस. पृथ्वीराजला सांग, सदतीस नंबरला टायपिंग चुकलं. तेवढी एक ओळ बदलून घे. पोरगी सेमीला जाईल. मशीनची अब्रू राहील, आपलीही राहील.”

महेश्वरी मॅडमना ते पटलं. खोटं कशाला सांगा, अगदी मनापासून पटलं. शुक्रवारी सकाळी त्यांनी संगणक कक्षात जाऊन ‘टायपिंगची चूक’ असं लिहून सही केली, पृथ्वीराजनं ओळ बदलली, आणि दुपारी बोर्डावर नवी यादी लागली. सुधार गटात सात मुलं.

“बघितलंस का?” त्यांनी जिन्यात रेश्माला गाठलं. “तुझं नाव काढलं. आता जेव पोटभर.”

रेश्माचा चेहरा उजळेल असं त्यांना वाटलं होतं. तिनं कपाळाला आठी घातली. “म्हणजे मशीनला सांगितलं की ऐकतंय?”

“ऐकतंय.”

“मग बाकीच्या सात जणांचं सांगा की. सत्तावीस नंबरचं सांगा. तीसुद्धा माझ्यासारखीच नंबरामुळं आली असंल तर?”

“तू तुझं बघ ना!” मॅडम एवढ्या जोरात खेकसल्या की वरच्या मजल्यावरून कुणीतरी वाकून बघितलं. “सगळ्या जगाची काळजी तुलाच का?”

रेश्मा मान खाली घालून गेली. मॅडम जिन्यात एकट्याच उभ्या राहिल्या. आयुष्यभर मुलांना सांगितलं, उत्तर आलं म्हणून थांबू नका, ताळा करून बघा. आणि आज एका पोरीनं ताळा मागितला तर तिच्या अंगावर धावून गेलो! त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की घरी जाताना त्या दोनदा रस्ता चुकल्या.

शनिवारी सभागृह भरलं. समोरच्या टेबलावर सेमीच्या फॉर्मचा गठ्ठा, शेजारी पृथ्वीराजचा लॅपटॉप. प्रभुलिंग सर माइकपुढं उभे राहिले. “पालकहो, आपल्या शाळेनं यंदा एक मोठं पाऊल उचललंय. आपल्यासमोरची यादी पूर्णपणे वैज्ञानिक आहे. तिला माणसाचा हात लागलेला नाही.”

“लागलाय, सर,” मागून आवाज आला.

महेश्वरी मॅडम उठून उभ्या होत्या. हातात पिवळं पुस्तक. तोंड एकदा सुटलं की त्यांना स्वतःलाही आवरायचं नाही, आणि त्या दिवशी ते उपयोगी पडलं.

“हात लागलाय आणि तो माझा आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या मुलांबद्दल आम्ही नोंदी लिहितो ना, त्या ह्या पुस्तकातून उतरवतो. नंबर एकला पहिलं वाक्य, नंबर दोनला दुसरं. दहा झाले की परत पहिल्यापासून. मुलाचं तोंडसुद्धा न बघता. मशीननं त्याच नोंदी वाचल्या आणि यादी केली. जी मुलं अग्रणी गटात आहेत ती हुशार असतीलही, नसतीलही. जी सुधार गटात आहेत त्यांचं तेच. आम्हाला माहीत नाही. काल मी एक नाव गुपचूप बदलून घेतलं, तेही खोटं कारण देऊन. बाकी सातांचं तसंच राहू दिलं होतं. हे सगळं शोधून काढलं ते आमच्या यादीतल्या एका कच्च्या मुलीनं, वहीच्या एका पानावर.”

मग जो गलका उठला त्याला तोड नव्हती. एक बाई ओरडून विचारत होत्या, आमचा दोन वर्षं ‘अभिव्यक्तीत अडखळतो’ तो पण नंबरामुळंच का? अग्रणी गटातल्या एका मुलाचे वडील उगीचच सगळ्यांवर चिडले होते. सरांचा रुमाल भिजून चिंब झाला. त्यांनी आपल्या पाचवीच्या नोंदींबद्दल एक अक्षर काढलं नाही, आणि मॅडमनीही काढलं नाही. चंद्रिका मॅडम पायातल्या चपलेकडं बघत बसल्या होत्या.

“मॅडम,” पृथ्वीराज हळूच म्हणाला, त्याच्या जिभेवरची इस्त्री पार विस्कटली होती, “सही घेतली होती की ओ तुमची. नोंदी तपासल्या म्हणून.”

“घेतली होतीस बाबा. तुझं काही चुकलं नाही.”

मग मानसिंग उभा राहिला. तो उभा राहिला तसा गलका जरा कमी झाला, कारण तो ओरडत नव्हता.

“म्हंजी मशीन खोटं न्हाय बोललं?”

“नाही, मानसिंगराव. आम्ही लिहिलं ते त्यानं खरं मानलं. एवढंच.”

“मीबी त्येच क्येलं की,” मानसिंग म्हणाला. “मला वाटलं, तुमाला इचारल्याबिगार त्ये कसं बोलंल? तुमी लेकरांस्नी वळखता म्हनून मशीनवर इश्वास ठिवला, मॅडम.”

तो खाली बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मॅडमना वाटलं.

शेवटी सरांनी यादी रद्द केली, कारण दुसरा इलाजच नव्हता. फॉर्म सगळ्या सेहेचाळीस मुलांना वाटले. पंधरा दिवसांत नोंदी नव्यानं, खऱ्याखुऱ्या लिहायच्या, असं ठरलं. महेश्वरी मॅडमनी सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्यायचा, असंही ठरलं. चंद्रिका मॅडम त्यांच्याशी न बोलता निघून गेल्या.

दुपारी शाळा रिकामी झाली तेव्हा मॅडम सातवीच्या वर्गात बसल्या होत्या. समोर कोरी नोंदवही. पिवळं पुस्तक त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. दारात रेश्मा आली. मानसिंग बाहेर कुणाशी तरी बोलत होता आणि ती त्याच्यासाठी थांबली होती.

“मॅडम, माझ्याबद्दल काय लिहिणार?”

“ये, बस.”

मॅडमना विचार करावा लागला नाही. सदतीस नंबरच्या रकान्यात त्यांनी एका दमात लिहिलं: ‘उत्तर आलं म्हणून थांबत नाही. ते खऱ्या जगात बसतं का, तेही बघते. टेम्पोची गोष्ट असो नाहीतर यादीची. स्वतःचं काम झाल्यावरही दुसऱ्यांचं विचारते.’

रेश्मानं ते दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी ओठ हलवत, हळूहळू. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते बाहीनं पुसले. मॅडमनाही गलबलून आलं. चला, एक तरी चूक निस्तरली, असं त्यांना आठवड्यात पहिल्यांदा वाटलं.

“आता सत्तावीसचं लिहा की,” रेश्मा म्हणाली.

“लिहिते.” मॅडमनी पान उलटलं. सत्तावीस. नीलांबिका. नाव माहीत होतं, आडनाव माहीत होतं. वर्षभर रोज हजेरी घेतली होती आणि रोज ‘हजर मॅडम’ ऐकलं होतं. त्यांनी पेन टेकवलं. आठवायचा प्रयत्न केला. अक्षर कसं? भागाकार येतो का? कधी काही विचारलं होतं का तिनं? पेनाखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला.

“ती,” मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या. “ती बसते कुठं गं?”

रेश्मानं त्यांच्याकडं बघितलं.

“पहिल्या बाकावर, मॅडम. तुमच्या टेबलासमोरच की.”